बर्फाची घाई नसलेला मिस्त्री

खाली दिवा पेटवला की वर बर्फ होतो, असं मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर मी त्या मास्तरांबद्दल घरी तक्रार केली असती. पण आलापल्लीच्या रस्त्याला, जंगलखात्याच्या एका बंगल्यात असं एक कपाट होतं आणि त्याचा ताबा माझ्याकडे होता. पांढरंशुभ्र, माझ्या छातीइतकं उंच, चार बारीक पायांवर उभं. तळाला घासलेटची टाकी, तिला वात, वातीवर चिमणी. त्या काळी आमच्याकडे वीज म्हणजे पावसाळ्यात आभाळात दिसायची तेवढीच. म्हणून कुणा साहेबाच्या हट्टापायी हे घासलेटवर चालणारं कपाट मुंबईहून आलं. बल्लारशापर्यंत आगगाडीने आणि पुढे सागवान उतरवून परतणाऱ्या रिकाम्या लॉरीत उभ्याने. वाटेत त्याने इतके धक्के खाल्ले की आल्यापासून त्याने बर्फ म्हणून केला नाही. दिवा मात्र छान जळायचा. आमचा चौकीदार डोमाजी त्याला साहेबाचं देवघर म्हणायचा. रोज दिवा लावायचा, दार लावून घ्यायचं आणि काही मागायचं नाही.

मी घाटावरून आलेला, लग्न न झालेला, बंगल्यालगतच्या लाकडाच्या आगारातला कारकून; जेवायला बंगल्यावरच. 'मला यंत्रातलं थोडंफार कळतं,' असं नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच बोलून बसलो होतो. भांडवल एवढंच, की घरी एकदा सायकलची साखळी बसवली होती. कपाट माझ्या गळ्यात पडलं ते त्यामुळे. मी शांतपणे विचार केला. गार करायचं यंत्र आणि आत आग? कुणीतरी जोडताना चुकलेलं दिसतं. म्हणून मी दिवा विझवला, आठवडाभर विझलेलाच ठेवला, आणि मग कंपनीला इंग्रजीत कळवलं की योग्य ते उपाय करूनही यंत्र गार होत नाही.

कंपनीने मिस्त्री पाठवला. काम दोन-चार दिवसांचं, असं त्यांनी लिहिलं होतं. तो आला तेव्हा मोहाची फुलं पडायला लागली होती. पुन्हा मोहाची फुलं पडली तरी तो तिथेच होता.

पन्नाशीचा असेल. काटकुळा, खाकी अर्धी विजार, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी. मूळचा कोकणातला, पण उभा जन्म मुंबईत लोकांच्या घरची बर्फाची कपाटं दुरुस्त करण्यात गेलेला. त्याच्या खिशात कायम गवंड्याकडे असते तसली पाणसळ असे, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. कपाट जरा जरी कललं तरी आतला गॅस फिरत नाही, हे खरंच होतं. पण तो ती पाणसळ कुठेही ठेवायचा. जेवायच्या आधी पाटावर, निजायच्या आधी खाटेवर. एकदा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "कारकूनसाहेब, तुमच्या हिशोबात फरक का येतो माहीत आहे? टेबल पूर्वेला घसरतंय." मी टेबलाखाली पुठ्ठा घातला. फरक येतच राहिला.

डोमाजीला त्याने दुसऱ्याच दिवशी दुखावलं. भिंतीला पाणसळ लावून म्हणाला, "तुमचा बंगला उत्तरेकडे झुकलाय."

"साहेब लोक बी तिकडूनच येतेत जी," डोमाजी म्हणाला. "झुकाच लागते."

दुरुस्ती सुरू झाली ती अशी की कुणालाही वाटावं, उद्या बर्फ. आधी त्याने पायांखाली लाकडाच्या चपट्या घालून कपाट सरळ केलं. त्यात बरेच दिवस गेले, कारण दर सकाळी ते पुन्हा किंचित कललेलं असायचं. मग वात बदलायची ठरली. ती बल्लारशाला मिळाली, पण जाड निघाली. दुसरी आली ती आखूड. ज्योत पिवळी येते म्हणून तो रुसला; ज्योत निळी आली तेव्हा धुराडं चोंदलं म्हणाला. धुराडं साफ करायचा त्याचा सोहळाच असे. लांब दांड्याच्या ब्रशाने काजळी खाली पाडायची, ती फडक्यावर घ्यायची, उन्हात नेऊन बघायची आणि मान हलवायची. आमच्याकडे नाडी बघून वैदू तशी मान हलवतात. पावसाळ्यात म्हणाला, हवा जड आहे. थंडीत म्हणाला, आता बर्फ हवाय कुणाला?

आणि मजा अशी, की जिल्ह्यात अशी आणखी कपाटं होती. माजरीच्या खाणीवर, घुग्घुसला, एका मिशनच्या दवाखान्यात. तिथून सांगावा आला की तो लॉरीत बसून जायचा आणि एका फेरीत कपाट चालू करून यायचा. म्हणून कंपनीही काही बोलत नसे. मी विचारलं, "मग आमच्याच कपाटाला काय झालंय?"

"तुमचं मनस्वी आहे," तो म्हणाला. "त्याला घाई केलेली चालत नाही."

मी हे वाक्य साहेबांना इंग्रजीत करून कळवलं. माझ्या इंग्रजीबद्दल वर काय मत झालं असेल ते असो.

अशा फेऱ्यांवरून तो अवेळी परतायचा. लॉरीचं काय, नाल्यात अडकली की अडकली. पण कधीही आला तरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याचं ताट झाकलेलं असे. वर पितळेची परात, परातीवर दगड, कारण बंगल्यावर एक मांजर होतं. ठेवणारी डोमाजीची बायको, पार्बताबाई. तिचं माहेर तळ्यावर मासे धरणाऱ्यांचं. बोलायला फटकळ, आणि उपाशी माणूस दिसला की तिला राग यायचा. त्या माणसाचाच.

पहिल्या दिवसाचं मला आठवतं. लॉरी बिघडून तो तिसऱ्या प्रहरी पोचला. हातपाय धुऊन ओट्यापाशी आला आणि त्या दगडाकडे बघत उभा राहिला.

"हे कोणाचं?"

"तुमचंच जी. आनखी कोन येनार होतं आज?"

"मी येईन हे तुम्हाला काय ठाऊक?"

"नसते आले त कुत्र्यानं खाल्लं असतं," पार्बताबाई म्हणाली. "बसा आता. पाहून काय राह्यले? दगड उचलाले बी मीच येऊ का?"

तो बसला. खिशातून पाणसळ काढायला त्या दिवशी विसरला.

माशांवरून मात्र दोघांचं भांडण चाले. समुद्र पाहिलेला माणूस, त्याला आमच्या तळ्यातला मासा फिका लागायचा. "याला पोहताना खारट पाणीच लागलं नाही, तर चव कुठून येणार?" तो म्हणे. पार्बताबाईने समुद्र पाहिलेला नव्हता, पण तिला त्याच्याबद्दल फारसं कौतुकही नव्हतं. "पेता येत नाई असं पानी. त्याले काय चाटाचं?"

तरी पाहुणा म्हणून मरळ मासा शिजला की मुंडकं त्याच्या ताटात पडायचं. त्या भागात हा मान. गड्याची अडचण अशी की त्याला मुंडकं खाववत नसे. त्याचं म्हणणं, डोळे बघतात. पण बाईला सांगायची हिंमत नाही. मुंबईत पारशी मालकिणींशी हुज्जत घालणारा हा माणूस पार्बताबाईपुढे शाळकरी पोरासारखा खाली मान घालून बसायचा आणि तिची पाठ वळली की मुंडकं माझ्या ताटात सरकवायचा. मी ते आवडीने खायचो. असा आमचा छान व्यवहार चालला होता. एक दिवस ती रस्सा वाढायला एकदम परत फिरली आणि मुंडकं नेमकं दोन ताटांच्या मधोमध, त्याच्या बोटांत.

मी उगाच भाताचं कौतुक केलं.

"मिस्तरीभाऊ," पार्बताबाई म्हणाली, "तोंड उघडाले काय झालं होतं तुमाले? मी काय मारते का?"

तो हसला. पूर्ण वर्षात मोकळं हसताना मी त्याला एवढंच पाहिलं. त्यानंतर त्याच्या ताटात कधी मुंडकं आलं नाही. माझ्याही आलं नाही. मला शिक्षा म्हणून.

दुपारी ऊन असं पडायचं की आगारातली लाकडंसुद्धा तडकायची. मजूर झाडाखाली आडवे, आणि आम्ही दोघं ओसरीवर. मग तो मुंबईचं सांगायचा. समुद्राकाठच्या बंगल्यांतली कपाटं कशी खाऱ्या हवेने मागून कुजत जातात, बिजागरीत मीठ कसं बसतं, दार उघडलं की करकरतं. एका मालकिणीच्या दिवाणखान्यात म्हणे त्याने कपाटाला शीर्षासन घातलं होतं. डोकं खाली, पाय वर. आत कुठे आंब्याचा रस राहिलेला, तो गालिच्यावर. बाई रडायला लागली. पण दुसऱ्या दिवशी बर्फ. आतला गॅस अडकला की उलटं करून ठेवायचं, मग सरळ, असं तो म्हणाला. मी हसून सोडून दिलं. रसाचा भाग खरा वाटला, बाकीची थाप.

एकदा, असंच बोलता बोलता, तो म्हणाला, "लोकांच्या कपाटात काय असतं, माहीत आहे?"

"लोणी, दूध."

"ते असतंच. पण एका कोपऱ्यात एक वाटी असते. झाकलेली. हात लावला की मालकीण म्हणणार, ती राहू दे मिस्त्री, ह्यांच्यासाठी आहे. किंवा मुलगा परीक्षेहून येणार आहे, त्याच्यासाठी." तो पाणसळीतला बुडबुडा इकडून तिकडे करत होता. "इतकी वर्षं कपाटं उघडली, कारकूनसाहेब. प्रत्येक घरात एक वाटी. आमच्या खोलीत आम्ही पाळीने झोपायचो. एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. खानावळीत वेळ टळली की पाट उचलला."

मला यावर काही शहाणपणाचं सुचायला हवं होतं. मी विचारलं, "मग वाटीत काय असायचं?"

"मी झाकण काढलं नाही कधी," तो म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात मोठे साहेब दौऱ्यावर येणार असं कळलं. त्यांना बंगला पांढराफेक हवा आणि सरबतात बर्फ हवा. बर्फाचं मी मिस्त्रीवर सोपवलं. तो लगेच वात आणायला बल्लारशाला निघून गेला. चुन्याचं मी स्वतः बघायचं ठरवलं, आणि माझं बघणं म्हणजे काय हे एव्हाना वाचकांच्या लक्षात आलं असेल.

कपाटावर चुन्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून मी दिवा विझवायला लावला, टाकी काढून घेतली, आणि कपाट ताडपत्रीत गुंडाळून, दोर बांधून, मजुरांकरवी कोठीघरात हलवलं. मी मागे उभा राहून 'सांभाळून, सांभाळून' म्हणत होतो. भिंती वाळेपर्यंत ते तिथे राहिलं. ज्या दिवशी साहेबांची गाडी यायची त्याच सकाळी मिस्त्री परतला. आम्ही ताडपत्री सोडली. कपाट डोक्यावर उभं होतं.

मी मजुरांवर ओरडलो. त्यातला एक म्हातारा गोंड शांतपणे म्हणाला, "पाय बारीक होते बाबू. मोडले असते. खाट नाई का आपन ठेवत, पाय वर करून?"

मी मिस्त्रीकडे वळलो. म्हटलं, आता हा मला खातो. तो ओरडला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. "किती दिवस असं होतं?" एवढंच विचारलं.

"तुम्ही गेलात तेव्हापासून."

त्याने कपाट सरळ करवून घेतलं, जागेवर नेलं, पायांखाली चपट्या घातल्या. मग म्हणाला की आता याला चांगला आठवडाभर आराम हवा. पण तेवढ्यात साहेब येऊन दारात उभे होते आणि त्यांना दिवा पेटलेला बघायचा होता. त्याने काडी ओढली. ज्योत निळी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी धावत आला. तो कधी धावत नसे. "बाबू, देवघरात देव आला जी."

बर्फ झाला होता. पत्र्याच्या खणांत दगडासारखा. साहेबांनी सरबत घेतलं. मजुरांनी एकेक तुकडा हातात धरून बघितला; एकाने चटका बसला म्हणून टाकून दिला आणि सगळे हसले. पार्बताबाईने पदरात घेतला आणि पदर ओला झाल्यावर म्हणाली, "एवढ्यासाठी वर्षभर?" साहेबांनी मिस्त्रीची पाठ थोपटली. म्हणाले, तुमचं काम उत्तम झालं, आता उगाच अडकून राहू नका, परवा लाकडाची लॉरी निघतेय.

तो ओसरीवर येऊन बसला. मी शेजारी बसलो. मला आपला पराक्रम सांगायची घाई. "बघा, तुमचं ते शीर्षासन खरंच होतं की. तुम्ही इथे का नाही केलं मग?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी मूर्ख आहे हे त्याला माहीत होतं. पण इतका, हे नसावं. मग त्याची नजर स्वयंपाकघराकडे गेली, आणि माझ्या टाळक्यात उशिरा का होईना उजेड पडला.

"पहिल्या दिवशीच ठाऊक होतं तुम्हाला," मी म्हणालो.

"अर्ध्या दिवसाचं काम होतं."

"मग आता पुन्हा बिघडवा ना. मी मदत करतो. माझा हात चांगला आहे त्यात."

"नाही." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बिघडलेलं तसंच ठेवणं मला जमलं. चालतं मशीन बिघडवणं नाही जमायचं. तुम्हीही हात लावू नका."

लॉरी निघाली तो बाजाराचा दिवस होता. पार्बताबाई बाजाराला गेलेली. माझ्या मते तो तिला टाळूनच निघाला. जाताना पाणसळ कपाटावर ठेवली, बुडबुडा मध्यावर आला, ती उचलून खिशात घातली आणि लॉरीत चढला. मला म्हणाला, "वात आठवड्याला कापा. सरळ कापा." बस.

पार्बताबाई परतली. तिला वाटलं, नेहमीसारखा बल्लारशाला गेलाय. कुणी सांगायचं? डोमाजी गुरं बघायला गेला, आणि मला आगारात एकाएकी फार काम निघालं. तिने ताट केलं, परात झाकली. मग तिच्या मनात आलं, आता हे कपाट चालतंय, तर ओट्यावर कशाला? "यात ठेवलं त खराब नाई होत म्हनते," म्हणाली आणि ताट कपाटात ठेवून दिलं. परातीवरचा दगडसुद्धा.

ते ताट तिथेच राहिलं. साहेबांच्या सरबतासाठी बर्फ काढायला दार उघडलं की समोर दगड. कपाट आपलं काम इतकं चोख करत होतं की भात नासेना. नासला असता तर टाकता आला असता. शेवटी तिला कुठून तरी कळलं. तिने ताट काढलं, मागच्या दारी कुत्र्यापुढे ठेवलं. कुत्र्याने त्या गारढोण भाताला नाक लावलं आणि शिंकून निघून गेलं. माझ्याकडे न बघता ती ताट घासायला बसली. मला शिव्या चालल्या असत्या.

मग मी कपाट बिघडवायचं मनावर घेतलं. मिस्त्रीने नको म्हटलं होतं, पण त्याला परत आणायचा दुसरा रस्ता मला दिसेना. एका पायाखालची चपटी काढून घेतली. वात तिरकी कापली. धुराडं साफ करणं थांबवलं. जन्मभर मी चांगल्या चांगल्या वस्तू सहज हात लावून बिघडवल्या: घड्याळं, कुलपं, एक लग्न जुळत आलेलं. आणि ही एकच बिघडावी म्हणून जीव टाकला, तर ती बर्फ करतच राहिली. अखेर मी कंपनीला सरळ खोटं कळवलं की यंत्र पुन्हा बंद आहे, मागचाच अनुभवी मिस्त्री पाठवावा.

आला तो दुसराच. तरुण, केसांना तेल चोपडलेला, हातात चामडी पेटी. त्याने कपाट उघडलं. खण बर्फाने भरलेले.

"यात बिघाड काय आहे?"

"गार," मी म्हणालो, "जरा जास्तच होतंय."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलो नाही. मग मी आडून आडून विचारलं, की ते आधीचे मिस्त्री नाही आले?

"तो म्हातारा? त्याने बस्तरकडची बदली मागून घेतली. लांबचा कुठलातरी बंगला आहे. दोन दिवसांचं काम होतं, गेला तो गेलाच." तो पेटी बंद करत होता. "तिथून कळवतो, वात नीट मिळत नाही, हवा जड आहे."

मला हसू आलं, आणि ते मला आवरेना. पार्बताबाई चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कपबशी त्याच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "तिथी कोनी ताट झाकून ठेवते का त्याईले?"

"काय?" तो तरुण म्हणाला.

"ताट. येळ झाला त."

"मला काय माहीत, बाई." त्याने माझ्याकडे पाहिलं.

"ठेवत असतील," मी म्हणालो.

"तुमाले काय मालूम?" तिने मला एका वाक्यात गप्प केलं. कपाटाचं दार अर्धवट राहिलं होतं, ते तिने लोटून घेतलं, जरासा हात त्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरू लागली. मधल्या पायरीवर थांबली.

"मुंडकं नाई खात ते," ती म्हणाली. "अन् सांगनार बी नाई कोनाले. तसेच बसून राह्यतीन ताटापुढं."